पहिले इंजेक्शन देण्याआधी दुसऱ्याची सोय करा

पुणे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी त्वचेखाली डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. औषध चांगले आहे. आमचे म्हणणे त्याच्या तारखेबद्दल आहे.

हाड जन्मभर मोडले जाते आणि बांधले जाते. मोडणारी पेशी ऑस्टिओक्लास्ट. मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कुळातल्या पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते. पण त्यासाठी त्यांच्या अंगावरच्या ‘रँक’ रिसेप्टरला ‘रँक-लिगँड’ हे प्रथिन चिकटावे लागते. ते हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट आणि हाडात रुतलेल्या ऑस्टिओसाइट पेशी पुरवतात, आणि त्याच पेशींनी सोडलेले ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन त्याला वाटेतच अडवते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते नि लिगँडचे पारडे जड होते. हाडात खड्डा कोरायला दोन-तीन आठवडे, भरायला मात्र महिने लागतात.

डेनोसुमॅब लिगँडलाच धरून ठेवते, म्हणून हाड मोडणाऱ्या पेशी तयार होत नाहीत. बिस्फॉस्फोनेट या हाडांच्या दुसऱ्या औषधांसारखे ते हाडात मुरत नाही, सहा महिन्यांनी ओसरू लागते. मग अडून राहिलेले सगळे एकदम सुटते. हाड मोडण्याचा वेग उपचाराआधीपेक्षाही वाढतो. न पडता, नुसते वाकतानाही मणके दबतात, कधी एकापाठोपाठ एक. जानेवारीत इंजेक्शन घेतलेल्या आजींची तारीख जुलैत, वारीच्या सुमारास येते. माउलींच्या पालखीहून परतायला आठ-पंधरा दिवस उशीर झाला तर सावरता येते. पण परतल्यावर खिडकीवर ‘साठा नाही, पुढच्या महिन्यात या’ ऐकावे लागले, तर धोका खरा आहे.

म्हणून सरकारी रुग्णालयात पहिला डोस देण्याआधी त्याच रुग्णाच्या नावाने दुसरा राखून ठेवावा. साठवण २ ते ८ अंशांत. गोठलेली सिरिंज वापरू नये. पाचव्या महिन्यात आशाताईंमार्फत निरोप जावा. सुरुवातीलाच कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासावे: मूत्रपिंड फार निकामी असेल तर या औषधाने रक्तातले कॅल्शियम जिवावर बेतेल इतके घसरू शकते. औषध थांबवायचेच असेल तर पुढच्या डोसच्या तारखेलाच बिस्फॉस्फोनेट सुरू व्हावे, उदाहरणार्थ झोलेड्रॉनिक आम्ल ५ मिलिग्रॅम शिरेतून, किमान १५ मिनिटांत; मूत्रपिंड कमजोर असल्यास तेही चालत नाही, हे आधीच पाहावे.

औंधच्या जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करता येईल. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे असल्याने रुग्ण तिकडून इकडे आला की तारीख हरवते. दोन्हीकडे एकच कार्ड चालावे, आणि त्यावर पुढची तारीख मोठ्या मराठी अक्षरांत छापलेली असावी.

आपले,
हाडांच्या विकारांवर काम करणारे पुण्यातील डॉक्टर व परिचारिका