आई, तुझ्या त्या प्रश्नाबद्दल

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

परवा फोन ठेवता ठेवता आई हळूच म्हणाली, “दादाची निवड झालीच नसेल का गं?” म्हणजे, देवाने तारणासाठी ज्यांना आधीच निवडलंय, त्यांत तो नसेलच का? मी ‘नंतर बोलू’ म्हणून वेळ मारून नेली. पण तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

बाबा, मागच्या खेपेला तुमचं पवित्र शास्त्र चाळत होते. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात देव आपल्या मर्जीने निवडतो असं सांगणाऱ्या याकोब-एसाव आणि कुंभाराच्या मातीच्या ओळींखाली तुम्ही पेन्सिलीने अशा रेघा ओढल्यात की पानामागे उमटल्यात. अध्यायाची सुरुवात मात्र कोरी! तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्या माझ्या यहूदी लोकांसाठी मला भारी दुःख आहे, अंतःकरणात अखंड वेदना आहे. आणि दहाव्याच्या पहिल्याच वचनात त्यांच्या तारणासाठी देवाला विनवतो. निवडीबद्दल एवढं कडक लिहूनही त्याने प्रार्थनेतून कुणाला वगळलं नाही.

फिलिप्पै नगरातल्या गोष्टीचंही तसंच. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. नदीकाठी ऐकत बसलेल्या लुदियाचं अंतःकरण प्रभूने उघडलं, असं लूक लिहितो. त्याच नगरातला बंदिशाळेचा अधिकारी कापत कापत विचारतो, तारण व्हावं म्हणून मी काय करू? ‘आधी तुझी निवड झालीय का बघ’ असं त्याला कुणी म्हणत नाही. प्रभू येशूवर विश्वास ठेव, बस्स. पुढे तिथल्याच मंडळीला पौल लिहितो की आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे. त्या ‘कारण’वर मी बराच वेळ अडले. देव करतोय, म्हणून तुम्ही करा!

देवाची निवड की माणसाचा विश्वास, यावर नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या चर्चसभेत 1618-19 साली महिनोन्महिने खल झाला. वेस्ली आणि व्हाइटफील्ड हे अठराव्या शतकातले दोघे इंग्रज प्रचारक मित्र तर यावरून दुरावले. (पण 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर त्यांच्यासाठी प्रवचन वेस्लींनीच केलं, हे बाबा सांगायला विसरतात.) मलाही सगळं उलगडलंय असं नाही.

आई, तुझ्या प्रार्थनेच्या वहीत दादाचं नाव तू दोनदा गिरवलंयस, शाई पुसट झाली म्हणून. देव मन वळवतो असं वाटत नसतं, तर त्याच्याकडे मागितलं असतंस? आणि दादाने स्वतः विश्वासाकडे यायला हवं असं वाटत नसतं, तर त्याला इतकं समजावलं असतंस? गिरवत राहा.

बाबा, दादाशी बोलाल तेव्हा नववा अध्याय नको. त्याच्या पाठदुखीचं विचारा. मी रविवारी फोन करतेच.

तुमची,
लेक