गुंतवणुकीचा आकडा नको, जोडण्यांचा द्या : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

मार्चअखेर तालुक्यातलं एकही गाव रेंजविना राहणार नाही, हे आपलंच आश्वासन. मार्च गेला, पावसाळाही लागला. टॉवर उभा आहे, रंगही चकाचक. पण रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली, ती जोडायची कुणी यावर विभाग आणि कंत्राटदार यांची टोलवाटोलवी चालू आहे. 48 व्होल्टची बॅटरी बँक मेलेली, त्यामुळे लाईट गेली की टॉवरही गेला. रेशनचा ओटीपी येत नाही, म्हातारी माणसं रांगेतून परत जातात. त्यावर आपलं उत्तर काय, तर 'अमेरिकन गुंतवणूक येतेय, सगळं सुधारेल.'

साहेब, अमेरिकन गुंतवणुकीने काय होतं आणि काय होत नाही, ते हंगेरीत बघा. कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा तिथे फोनसाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागे, एका तारेवर दोन घरं असत. कोकॉमच्या, म्हणजे कम्युनिस्ट देशांना तंत्रज्ञान विकण्यावर बंधनं घालणाऱ्या पाश्चात्त्य देशांच्या गटाच्या, निर्बंधांमुळे पाश्चात्त्य कंपन्यांना आधुनिक डिजिटल एक्स्चेंज तिकडे विकता येत नव्हती. केबल पुरायला वर्षं जाणार, म्हणून यूएस वेस्ट या अमेरिकन टेलिफोन कंपनीने तिथल्या सरकारी टेलिफोन कंपनीबरोबर 'वेस्टेल' काढली आणि ऑक्टोबर 1990 मध्ये 450 मेगाहर्ट्झवर मोबाइल सुरू केला. 450 च का? कमी फ्रीक्वेन्सी लांब पोचते, सपाट मुलखात थोडक्या टॉवरवर भागतं. अडचणही तिथेच. एनएमटी-450 या त्या जुन्या अॅनालॉग तंत्रात 25 किलोहर्ट्झचे जेमतेम 180 चॅनेल, एका कॉलला एक चॅनेल अडकणार आणि तोच शेजारच्या सेलमध्ये, म्हणजे शेजारच्या टॉवरच्या टापूत, वापरता येणार नाही. गावाकडे चालून गेलं, बुडापेस्टात कोंडी ठरलेली. 1994 मध्ये जीएसएम हे डिजिटल मोबाइल तंत्र आणावंच लागलं.

लँडलाइनचं प्रकरण जास्त बोलकं आहे. डिसेंबर 1993 मध्ये अमेरिकेची अमेरिटेक आणि जर्मनीची डॉइश टेलिकॉम यांनी मिळून 'मातव' या हंगेरीच्या सरकारी टेलिफोन कंपनीचा सुमारे 30 टक्के हिस्सा 87.5 कोटी डॉलरला घेतला. आपण असता तर एवढ्यावर फटाके वाजले असते. पण करारात कलम होतं : पहिली सहा वर्षं दरवर्षी 15.5 टक्के लाइन वाढवायच्या. चक्रवाढीने हिशेब करा, सहा वर्षांत लाइन सव्वादोन पटीच्या वर जातात. प्रतीक्षायादी संपली ती या कलमामुळे, डॉलरमुळे नव्हे. अर्थात फुकट काहीच नव्हतं. 2001 अखेरपर्यंत लांब पल्ल्याच्या कॉलची मक्तेदारी दिली गेली, त्याचं बिल ग्राहकाने भरलं. आणि अमेरिटेक गिळणाऱ्या एसबीसी या अमेरिकन कंपनीने 2000 मध्ये आपला हिस्सा जर्मनांना विकून घरचा रस्ता धरला. परदेशी भांडवल पाहुणं असतं, ते जाणारच. मागे केबल राहते का, एवढंच बघायचं असतं.

उलटं उदाहरण युक्रेनचं. परवान्याचे नियम सारखे बदलतात म्हणून मोटोरोला या अमेरिकन कंपनीने 1997 मध्ये तिथली सुमारे 50 कोटी डॉलरची योजना गुंडाळली. सारखे बदलणारे नियम! ओळखीचं वाटतंय ना?

कारण हीच यूएस वेस्ट 1995 मध्ये बीपीएलबरोबर महाराष्ट्रात मोबाइलला आली होती, एटी अँड टी बिर्लांबरोबर, लँडलाइनला ह्यूज-इस्पात. आपल्या सरकारने मात्र परवाने वाटताना मुख्यतः बोलीची रक्कम बघितली. फी भरता भरता कंपन्या मेटाकुटीला आल्या, 1999 च्या धोरणात त्यांना ठरावीक फीऐवजी महसुलातल्या वाट्यावर आणावं लागलं. गावोगावी सार्वजनिक फोन देण्याची अट बहुतेक खासगी कंपन्यांनी पाळलीच नाही. मग सार्वत्रिक सेवा निधी काढला, कंपन्यांच्या समायोजित महसुलातून 5 टक्के. आता त्याला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. पाटी बदलण्यात आपल्या व्यवस्थेचा हात कुणी धरणार नाही. खातं, कंपनी, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, शेवटी जबाबदार कोण तर पाऊस.

तेव्हा पुढच्या करारावर सही करण्याआधी तो मराठीत जाहीर करा. त्यात तालुकावार किती जोडण्या, कोणत्या वर्षी, हुकल्यास दंड किती, हे हवं. तुटलेली फायबर किती तासांत आणि कुणाच्या खर्चाने जोडायची, हे हवं. बॅटरीचा बॅकअप किमान आठ तास हवा आणि तो दर सहा महिन्यांनी लोड लावून, म्हणजे बॅटरीवर प्रत्यक्ष यंत्रं चालवून, तपासायला हवा, नुसतं व्होल्टेज बघून नको. मेलेली बॅटरीसुद्धा लोडशिवाय झकास व्होल्टेज दाखवते, आणि तपासणी अहवालात तेच लिहून येतं.

कळावे,
दरमहा रिचार्ज मारणारा, रेंज नसलेला ग्राहक