मेलेल्या हरणाची चौकशी ‘कुत्र्यांनी मारले’ एवढ्यावर थांबू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात हरणांविषयी दोन प्रकारच्या बातम्या नेमाने येतात. खरिपात आणि रब्बीत कळपांनी तुरीचे किंवा हरभऱ्याचे शेंडे खाल्ल्याची बातमी येते, आणि उन्हाळ्यात कठडा नसलेल्या विहिरीत पडून किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडून हरीण मेल्याची चार ओळींची बातमी येते. या दोहोंत न बसणारी, म्हणजे आजाराने, म्हातारपणाने किंवा उपासमारीने माळावर मरणारी हरणे मात्र कोणाच्याच हिशेबात नसतात. त्यांच्याविषयी हे पत्र आहे. मी पाटोदा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी असून बालाघाटाच्या पठारावरच्या आमच्या शिवाराला लागून गायरान आहे, आणि तिथे काळविटांचा कळप लहानपणापासून पाहत आलो आहे.

आपल्या बोलीत काळवीट, चिंकारा, चितळ, सांबर ही सगळी हरणेच असली, तरी काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे आयुष्यभर टिकतात आणि चितळ-सांबराची दरवर्षी गळून नवी येतात. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी कुळे आहेत. परदेशातल्या हरणांविषयी पुढे जे लिहिणार आहे ते मुख्यतः शिंगे गाळणाऱ्या कुळाविषयी आहे, त्यामुळे ते आपल्या काळविटांना जसेच्या तसे लावता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या वडिलांकडे बंदुकीचा परवाना होता आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत ते वर्षातून दोन-चार वेळा शिकारीला जात. त्यांच्याबरोबर माग काढायला आमच्या वस्तीजवळ राहणारे एक वयस्कर पारधी असत. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. शिकारीचे समर्थन करण्यासाठी मी हे लिहीत नाही. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते तिथेच राहावे आणि माळावर पुन्हा बंदूक वाजू नये, याच मताचा मी आहे. परंतु शिकार बंद झाली तेव्हा तिच्याबरोबर एक नजरही माळावरून निघून गेली आणि तिच्या जागी आपण दुसरी काही व्यवस्था उभी केली नाही, ही गोष्ट मला गेली अनेक वर्षे खटकते.

ती नजर कशी होती, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. वाटेत मेलेले हरीण दिसले की आबा आधी त्याच्याजवळ जातच नसत. लांबूनच एक फेरी मारून आजूबाजूची जमीन वाचत. खुरांचे ठसे ओढत आले आहेत की धावत, मरण्यापूर्वी त्याने पाय झाडून माती उकरली आहे का, लेंड्या सुट्या आहेत की पातळ हगवण आहे, हे पाहून झाल्यावर मग तोंड उघडून दात बघत. दाढा झिजून गुळगुळीत झालेल्या असल्या तर म्हणत, “ह्याचं चाऱ्यावाचून न्हाई, चावल्यावाचून गेलं.” पोट भरलेले आणि अंग मात्र खंगलेले असे म्हातारे काळवीट मी त्यांच्यामुळेच पहिल्यांदा समजून घेतले. नाकातोंडातून न गोठलेले काळपट रक्त आलेले दिसले की ते कोणालाही हात लावू देत नसत, कारण ती फाशी (अँथ्रॅक्स हा माणसालाही होणारा जीवघेणा रोग) असू शकते; आणि हे त्यांना कोणत्याही पशुवैद्याने शिकवलेले नव्हते. आणि ओढ्याकाठी पाण्याकडे तोंड करून पडलेले, अंगावर एकही जखम नसलेले हरीण दिसले की म्हणत, “हे आतून जळत हुतं.” एकटा फिरणारा नर प्रत्येक वेळी आजारीच असतो असे नाही, दुसऱ्या नराने हाकललेला असू शकतो, हा भेदही त्यांना करता येई. निरोगी हरीण थोडे पळून थांबते आणि मान वळवून पाहते. आजारी हरीण थांबते ते मान खाली घालून, असे त्यांचे निरीक्षण होते.

‘आतून जळत होते’ हे शब्द मला पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या हरणांच्या एका रोगाविषयी वाचताना आठवले. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांना चावऱ्या चिलटांमुळे पसरणारा एक रक्तस्रावी विषाणुजन्य ताप येतो; १९५५ साली न्यू जर्सी राज्यात तो प्रथम ओळखला गेला. हा रोग उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि पहिल्या कडक थंडीने चिलटे मेली की थांबतो. तापाने फणफणलेली हरणे पाण्याकडे जातात आणि तिथेच मरतात, म्हणून ओढे-तळ्यांच्या काठी सांगाडे सापडू लागले की तिथले शिकारी साथ ओळखतात. आपल्याकडे मेंढ्यांना होणारा नीलजिव्हा हा रोग त्याच जातीच्या चिलटांमुळे पसरतो आणि तो विषाणूही त्या विषाणूचा जवळचा नातलग आहे, हे मेंढपाळ बांधवांना सांगण्यासारखे आहे. आबांनी पाहिलेले हरीण त्याच रोगाने मेले होते असे मी म्हणत नाही. पाण्याकाठच्या प्रेताचा अर्थ लावण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच होती.

तिथला दुसरा रोग अधिक भयंकर आहे. १९६७ साली कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे संशोधनासाठी बंदिस्त ठेवलेल्या हरणांत तो प्रथम दिसला. जनावर महिनोन्महिने झिजत जाते, लाळ गाळते, कान पाडून उभे राहते आणि शेवटी मरते. कारण जिवाणू नाही की विषाणू नाही. प्रियॉन नावाचे बिघडलेले प्रथिन मेंदूला जाळी पाडते, मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि त्यावर औषध नाही. २०१६ साली तो नॉर्वेतील रानटी रेनडिअरमध्ये सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने सुमारे दोन हजारांचा आख्खा कळप संपवला. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा सल्ला तिथे दिला जातो. या रोगाचा नकाशा अमेरिकेत प्रामुख्याने परवानाधारक शिकाऱ्यांच्या मदतीने तयार होत आला आहे. मारलेल्या हरणाचे डोके ते तपासणी नाक्यावर देतात, घशामागच्या लसिका ग्रंथी प्रयोगशाळेत जातात आणि निकाल शिकाऱ्याला कळवला जातो.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. हा झिजवणारा रोग झालेली हरणे रानात मरून पडलेली फारशी सापडत नाहीत, कारण रोगाने मरण्याआधी दुसरेच काहीतरी त्यांना गाठते. कोलोरॅडोत झालेल्या अभ्यासांत वाहनांखाली मेलेल्या हरणांत आणि प्यूमाने मारलेल्या हरणांत या रोगाचे प्रमाण आसपासच्या इतर हरणांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे नोंदीत ‘अपघात’ किंवा ‘शिकारी प्राण्याने मारले’ असे लिहिले गेले असते, आणि त्यामागे रोग होता. आपल्याकडच्या पंचनाम्यांत ‘मोकाट कुत्र्यांनी मारले’ हे वाक्य किती वेळा येते, याचा या दृष्टीने विचार व्हावा. धडधाकट काळवीट मोकळ्या माळावर कुत्र्यांच्या सहसा हाती लागत नाही. ते गाभण असेल, पावसाने चिकट झालेल्या काळ्या रानात रुतले असेल, तारेच्या कुंपणात अडकले असेल, किंवा आजारी असेल. पाठलागात न चावताही ते मरू शकते, कारण अतिश्रमाने आणि भीतीने स्नायू व हृदय निकामी होते. यांपैकी नेमके काय झाले हे कळण्यासाठी प्रेत जाळण्यापूर्वी नमुने घ्यावे लागतात. विहिरीत पडलेल्या हरणाबाबतही हाच प्रश्न आहे. ते पाणी शोधत आले होते, कुत्र्यांपुढे पळत होते, की पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारी खाऊन विषबाधेने झोकांड्या खात होते?

हे काळजीपोटी वाढवून लिहिले आहे असे कोणास वाटू नये, म्हणून कझाकस्तानचे उदाहरण देतो. मे २०१५ मध्ये तिथल्या गवताळ माळावर सायगा नावाचे काळविटाच्या कुळातले दोन लाखांहून अधिक प्राणी सुमारे तीन आठवड्यांत मेले. जगातल्या एकूण सायगांपैकी निम्म्याहून अधिक एवढ्यातच संपले. कारण निघाले ते पाश्चुरेला नावाचा जिवाणू, जो निरोगी सायगाच्या घशातही असतो आणि त्या वर्षीच्या उबदार, दमट हवेत एकाएकी उसळला. हा जिवाणू म्हणजे आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना होणाऱ्या घटसर्पाचाच जिवाणू. आमच्या गायरानात गाई, शेळ्या, पश्चिमेकडून येणारे मेंढ्यांचे कळप आणि काळवीट एकाच डबक्यावर पाणी पितात. लाळ्या-खुरकुताला त्यांच्यात भेद करता येत नाही. बुळकांडीने एके काळी पाळीव जनावरांबरोबर रानातली जनावरेही मारली. भारत २००६ साली आणि सारे जग २०११ साली त्या रोगातून मुक्त झाले, ते लसीकरणाबरोबरच गावोगाव मरतुकीची माहिती गोळा करण्याच्या कष्टामुळे.

मग आपल्याकडे माहिती का मिळत नाही? प्रेते दिसतच नाहीत हे एक कारण आहे. पूर्वी आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागली की मरतूक कुठे आहे ते सगळ्या गावाला कळे. गिधाडांना मारक ठरलेल्या, जनावरांच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधावर २००६ साली बंदी आली, पण तोवर गिधाडे जवळजवळ संपली होती. दुसरे कारण भीती हे आहे, आणि मला तेच मोठे वाटते. मेलेला वन्यप्राणी कायद्याने सरकारची मालमत्ता असते. बांधावर मेलेले हरीण सापडलेल्या शेतकऱ्याला ‘तूच विष घातलेस का’ असा प्रश्न येईल या धास्तीने तो ते गुपचूप पुरतो किंवा शेजारच्या ओढ्यात ढकलतो. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझ्याच तुरीत एक मादी मरून पडली होती. मी फोन केला, पंचनामा झाला, पण अर्धा दिवस माझीच उलटतपासणी चालली आणि मृत्यूच्या कारणासमोर ‘नैसर्गिक’ एवढाच शब्द लिहिला गेला. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या रानात दुसरी मेली तेव्हा त्याने कोणालाही कळवले नाही, आणि मलाही त्याला आग्रह करता आला नाही. शेतकऱ्याची ही गत, तर ज्या समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ साली तो कागदावरून पुसला गेला तरी लोकांच्या मनातून गेला नाही, त्या पारधी समाजातील माणूस मेलेल्या हरणाची खबर द्यायला स्वतःहून कसा जाईल? माळ वाचण्याची विद्या ज्यांच्याकडे उरली असेल, त्यांनाच माळावर मेलेल्या हरणाजवळ उभे राहण्याची चोरी आहे.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरू लागले. ते भर वस्तीत मरून पडत होते म्हणून लोकांना दिसले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. म्हणजे यंत्रणा आहे, आणि ठरवले तर ती हलते. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. माझे मागणे एवढेच आहे की, मराठवाड्यात जखम नसलेले किंवा कुत्र्यांनी मारलेले प्रत्येक हरीण जाळण्यापूर्वी त्याचे ठरावीक नमुने घेतले जावेत, दाढांवरून वय लिहिले जावे आणि निकाल कळवणाऱ्याला सांगितला जावा. फाशीचा संशय असेल तिथे प्रेत न उघडता खोल पुरले जावे, हेही प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावे. खबर देणाऱ्यावर उलट संशय घेतला जाणार नाही असे वन विभागाने जाहीरपणे सांगावे, आणि मेंढपाळ व पारधी समाजातील जाणत्या माणसांना या कामासाठी मानधनावर घ्यावे.

मृग निघायला आता थोडेच दिवस आहेत, आणि आमच्या भागात जखमेवाचून मेलेली हरणे सापडतात ती बहुधा पहिल्या पावसानंतरच्या पंधरवड्यात. निदान यंदाच्या त्या पंधरवड्यापुरती तरी ही व्यवस्था बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत करून पाहावी, अशी संबंधित खात्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. पाटोदा, जि. बीड