रेषेबाहेर गेलेला रंग

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मुलांच्या एका चित्रकला स्पर्धेत परीक्षक होतो. माध्यम जलरंग, विषय ‘माझ्या गावातले घर’. 70 चित्रांतल्या निदान 60 चित्रांत तेच ते: दोन डोंगर, मधून सूर्य, लालभडक त्रिकोणी छप्पर, दारात माड. ही मुलं राजापूर तालुक्यातली. तांबड्या जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे पडवी, मागे गुरांचा मांगर अशा घरांत राहणारी. चित्रात मात्र जांभा शोधून सापडेना.

सातवीतल्या एका मुलीचं चित्र वेगळं होतं. छप्पर ओलं असतानाच तिनं मागच्या फणसाचा हिरवा लावला होता आणि तो ओघळून कौलांत शिरला होता. शेवाळ धरलेली कौलं हुबेहूब. पडवीतल्या काळोखात कोऱ्या कागदाचा एक ठिपका सोडलेला. ‘आजीचं पातळ,’ म्हणाली. सहपरीक्षकांचा शेरा: ‘रंगकाम अस्वच्छ’. भांडून उत्तेजनार्थ मिळवून दिलं.

खरं तर यात माझंही पाप आहे. 31 वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांना ‘रंग रेषेबाहेर नको’ एवढंच घोकायला लावलं. निवृत्तीनंतर स्वतः ओटीवर बोर्ड घेऊन बसलो तेव्हा उमगलं. श्रावणात आमच्याकडे कागद वाळतच नाही, मग ओल्यातच काम. तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना सोडायचा, त्याच्या कडेला निळा अल्ट्रामरीन नुसता टेकवायचा. दोन्ही एकमेकांत उतरून जो करडा होतो, तो भिजलेला जांभा. कौलं मोजायची नाहीत. वळचणीला चार-पाच नीट दाखवली की बाकीची बघणारा रचून घेतो. चुन्याची भिंत म्हणजे न रंगवलेला कागद. पांढरी ट्यूब उघडायचीच नाही.

जलरंग म्हणजे पोरांचं काम, असं समजणाऱ्यांनी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र बघून यावं. ते जलरंगातच आहे, आणि ते काढणारे चित्रकार सावळाराम हळदणकर 1882 साली इथे शेजारच्या सावंतवाडीत जन्मले.

आयोजकांना विनंती एवढीच, की पुढच्या वर्षी मुलांना वर्गात कोंडू नका, वाडीत नेऊन बसवा. पट्टी आणि खोडरबर आधी काढून घ्या, 12 नंबरचा जाड ब्रश द्या. आणि पाणी पडताच पापडासारखा फुगणारा तो कागद कृपा करून बदला.

त्या मुलीला म्हटलं, हे घर पुन्हा एकदा काढ. म्हणाली, ‘सर, दिवाळीनंतर कौलं काढून पत्रे घालणार आहेत.’

– एक निवृत्त कलाशिक्षक, राजापूर