सूचना : नाडी शोधत बसू नका

सर्व सभासदांस,

कुणी अचानक कोसळलं की आपला हात आधी मनगटाकडे जातो. कृपया तसं करू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटांतले ठोके जाणवतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने सामान्यांसाठी ही पायरी २००० सालीच वगळली.

खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वासही नीट नाही (अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे!) तर १०८ ला फोन लावायला सांगून लगेच छातीच्या मधोमध दाबायला लागा. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात तर दुसऱ्याला बसवा, पण खंड नको.

प्रशिक्षित सभासदांनी मानेवरची नाडी जरूर पाहावी. मात्र १० सेकंदांच्या वर नाही.

– व्यवस्थापन समिती