‘रुंदी कुठे गेली?’ असं विचारल्याबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी ऑफिसात नुसतं ‘थँक्यू’ म्हणून मी सटकलो, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितोय, कारण याच खड्ड्यात आणखी कुणीतरी पडलेलं असणार.

नाट्यगृहाच्या तिकीट बुकिंगचं पान करत होतो. प्रत्येक खुर्चीसाठी जावास्क्रिप्टने एक डिव्ह (पानावरचा एक चौकोन) तयार करायचा, त्याला रुंदी द्यायची आणि बाकीचं सगळं ऑब्जेक्ट डॉट असाइनने (एका ऑब्जेक्टमधल्या, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या गठ्ठ्यातल्या, नोंदी दुसऱ्यात उतरवणारी सोय) एका फटक्यात भरायचं: क्लासचं नाव, मजकूर, टायटल, शिवाय स्टाइल म्हणून आत आणखी एक ऑब्जेक्ट, त्यात बॅकग्राउंडचा रंग. खुर्च्यांवर नंबर आले, टायटल आलं, रंग काही येईना. ब्राउझर चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये एररही नाही. मी दुपारभर रंगाचं स्पेलिंग तपासत बसलो. (ग्रेमध्ये ए की ई, यावरच अर्धा तास गेला. सीएसएसला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेला, दोन्ही चालतं!)

तुम्ही चहाचा कप हातात घेऊनच आलात, स्क्रीनवर नजर टाकलीत आणि म्हणालात, “रंगाचं राहू दे. आधी दिलेली रुंदी कुठे गेली?”

माझं तिकडे लक्षच नव्हतं. रुंदी गेली होती खरी. म्हणजे माझं ऑब्जेक्ट ब्राउझरने दुर्लक्षित केलेलं नव्हतं, ते लिहिलं गेलं होतं आणि लिहिताना आधीचं पुसलं गेलं होतं! स्टाइलला थेट काही दिलं की ब्राउझर ते सीएसएसचा मजकूर म्हणून घेतो. ऑब्जेक्टचा मजकूर केला की चौकटी कंसात ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ एवढंच उरतं. त्यातून कुठला रंग निघणार? जुनी पाटी कोरी झाली, नवं काहीच उमटलं नाही.

उपाय एका ओळीचा निघाला. असाइन डिव्हवर न करता डिव्हच्या स्टाइलवर करायचं. पण मला जास्त उपयोगी पडला तो तुमचा प्रश्न: “आतलं ऑब्जेक्ट आधीपासून आहे का? असेल तर ते बदलू नकोस, त्याच्या आत जा.” दुसऱ्या दिवशी डेटासेटला (डिव्हवरची जादाची माहिती ठेवणारं आतलं ऑब्जेक्ट) तसंच ऑब्जेक्ट द्यायला गेलो, तर तिथे टाइपएरर आला. डेटासेटला फक्त गेटर आहे, म्हणजे तो वाचता येतो, त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही. त्याने निदान तोंडावर सांगितलं तरी.

आणि आतलं ऑब्जेक्ट नसेल तर? बुकिंगच्या रिकाम्या ऑब्जेक्टमध्ये ग्राहक नसतानाच ग्राहकाचा फोन भरायला गेलो, की अनडिफाइन्डवर, म्हणजे नसलेल्या गोष्टीवर, काही ठेवता येत नाही म्हणून कोड थांबतो. मी तिथे प्रश्नचिन्ह-टिंब (?.) घालून पाहिलं होतं, ते तुम्ही हसून खोडलंत. ते वाचायला चालतं, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाही. जावास्क्रिप्टच्या २०२१ च्या आवृत्तीत आलेलं ??= (डावीकडे काही नसेल तरच उजवीकडचं ठेवणारं) वापरून आधी ग्राहकाच्या जागी रिकामं ऑब्जेक्ट ठेवायचं, मग फोन. किंवा सरळ बुकिंग तयार करतानाच महिरपी कंसात महिरपी कंस, म्हणजे ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट. मला हाच प्रकार जास्त आवडतो. वाचणाऱ्याला घडण एका नजरेत दिसते.

आता विकलेल्या खुर्च्या राखाडी दिसतात, रुंदीसकट. या सगळ्यात तुमचा चहा मात्र गार झाला होता. तो मी तुम्हाला देणं लागतो.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा