मालाडचा म्युनिककर

मालाड (पश्चिम)

प्रिय नंदू,

भारतीय पासपोर्ट सोडून जर्मन घ्यावा की नाही, हे तू मला विचारतोस? अरे, बँकेत केवायसीचा फॉर्म भरतानाही बायकोला हाक मारणारा माणूस मी! जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घेतलं, तरी आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे निळं पुस्तक परत करावंच लागणार. पुढचं तू आणि वहिनी ठरवा. मी आपला तुझ्या म्युनिकमधून माझ्या मालाडात आलेल्या एका माणसाबद्दल लिहितो. गेले कित्येक दिवस तो माझ्या डोक्यात बसलाय.

बॉम्बे टॉकीज कंपाउंड आठवतं ना? आपल्या लेखी ती छोट्या कारखान्यांची, वेल्डिंगच्या ठिणग्यांची जागा. आत क्रिकेटचा बॉल गेला की आणायला कोण जाणार यावरून भांडणं. तिथं १९३४ साली निर्माते हिमांशू राय आणि अभिनेत्री देविकाराणीने बॉम्बे टॉकीज हा सिनेमाचा स्टुडिओ काढला आणि त्याच्या कॅमेऱ्यामागे म्युनिकचा योझेफ विर्शिंग होता.

गडी जन्मला १९०३ साली, म्युनिकमध्येच. भारतात पहिल्यांदा आला तो १९२५ साली, बुद्धाच्या जीवनावरचा ‘लाइट ऑफ एशिया’ हा मूकपट चित्रित करायला. म्युनिकच्या एमेल्का या चित्रपट कंपनीतून आलेली मंडळी ती, दिग्दर्शक फ्रांत्स ऑस्टेन. वय वर्षं बावीस, काम संपलं, परत गेला. त्या वयात आपणही कोकणात भटकून परत आलो होतो, त्यात काही विशेष नाही. पण नऊ वर्षांनी राय यांनी बोलावलं तेव्हा तो मालाडला आला आणि इथलाच होऊन गेला.

‘अछूत कन्या’ त्यानेच टिपलेला. १९३६ सालचा. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा. देविकाराणी आणि अशोककुमार. हा अशोककुमार मुळात तिथल्या लॅबमधला माणूस, हिरो झाला तो अपघाताने. मला मात्र वेगळंच खुपतं. आदल्याच वर्षी जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे आले होते, ज्यूंशी लग्नाला बंदी झाली होती. आणि इथे मालाडात जर्मन दिग्दर्शक आणि जर्मन कॅमेरामन जातीपायी तुटलेल्या प्रेमाची गोष्ट रंगवत होते. ऑस्टेन तर नाझी पक्षाचा सभासद. माणसं अशी एका साच्यात बसत नाहीत, आणि बसवायचा हट्ट मी सोडून दिलाय.

१९३९ला युद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने जर्मनांची धरपकड केली. ऑस्टेनला वयामुळे सोडलं, तो परत गेला. विर्शिंग मात्र तारेच्या कुंपणाआड गेला. इकडच्या जर्मनांना आधी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), मग देवळाली, पुढे डेहराडून असं फिरवत होते. हिमांशू राय १९४०मध्ये वारले. ज्याने बोलावलं तोच गेला, आणि कंपनीत भाऊबंदकी सुरू झाली.

आता खरं सांगतो, विर्शिंगचं युद्धाआधी मालाडला येणं मला फार मोठं वाटत नाही. नोकरी होती, जोडीला गाववाले होते, मालकाला जर्मन कसब हवं होतं. युद्ध संपल्यावर सुटून तो त्याच मालाडात कामावर आला, ते मला मोठं वाटतं. म्युनिक बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालं होतं हे खरं, त्यामुळे त्यात नाइलाज किती आणि ओढ किती, हा हिशेब मी मांडत नाही. पण ज्या मुलखाने शत्रू म्हणून डांबलं, तिथेच पुन्हा दिवे लावून उभं राहायचं आणि तेही असं काम करायचं, याला छाती लागते.

काम कसलं म्हणतोस? ‘महल’ लाव आज रात्री, १९४९चा. भिंतीवरच्या घड्याळात दोनचे टोले पडतात, ‘आयेगा आनेवाला’ सुरू होतं आणि अशोककुमार आवाजामागे निघतो. झुंबर हलतंय. मग झोक्यावर मधुबाला. अर्धा पडदा काळोख आहे, पण तो काळोख मेलेला नाही, त्यात खांब दिसतात, जिना जाणवतो. चेहऱ्यावर उजेड नेमका हवा तेवढाच. सगळं श्रेय लताबाईंच्या आवाजाला आणि संगीतकार खेमचंद प्रकाशांना देऊन आपण मोकळे होतो. त्यांचं आहेच, पण पाहताना अंगावर काटा येतो तो या म्युनिककरामुळे.

बॉम्बे टॉकीज पुढे बुडाली. हा ‘महल’चे दिग्दर्शक कमाल अमरोहींबरोबर राहिला, ‘दिल अपना और प्रीत पराई’ केला, मग ‘पाकीजा’. तो सिनेमा वर्षानुवर्षं रखडला आणि तो पुरा व्हायच्या आतच, १९६७ साली, विर्शिंग गेला. उरलेलं काम इतर कॅमेरामननी उरकलं. संगीतकार गुलाम मोहम्मदही प्रदर्शनाआधीच गेले. १९७२ला मराठा मंदिरला पडदा उघडला तेव्हा दोघंही नव्हते.

सेटवर विर्शिंग स्वतःचा लायका कॅमेरा घेऊन फोटोही काढत असे. नातवाने गोव्यात हजारो फोटो-निगेटिव्ह जपलेत आणि २०१७ साली पणजीत त्यांचं प्रदर्शनही झालं. तू डिसेंबरात आलास की तिकडची चक्कर नक्की करू, कोणी भेटवतं का बघतो.

तोवर तू एक कर. तुमच्या म्युनिकच्या दक्षिणेला गाइझेलगास्टाइगमध्ये बव्हेरिया फिल्मचा स्टुडिओ आहे. ती जुन्या एमेल्काचीच पुढची पिढी. पोरांना घेऊन रविवारी जा आणि कुणी जुनं माणूस भेटलं तर विर्शिंगचं नाव काढून बघ. जर्मन तुझं आता पक्कं असेल.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, मी होतो सोबत. चष्म्याचा नंबर पुढच्या महिन्यात. त्यांना रात्री जेवल्यावर फोन कर, दुपारी ते झोपतात आणि तू मात्र नेमका तेव्हाच करतोस.

तुझा,
सुहास